खुले विज्ञान : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : मी कालिना संकुलात पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला असून मिठी नदीच्या पाण्यावर प्रकल्प करते आहे. खुल्या विज्ञानाची सुरुवात एकटीने कशी करावी? — एक वाचक, कुर्ला

उत्तर : खुले विज्ञान म्हणजे संशोधनाची पद्धत, नोंदी आणि डेटा इतरांना पाहता व वापरता येतील असे ठेवणे. त्याची सुरुवात नोंदींपासून करावी. आपल्या तक्त्यात नुसते ‘डी.ओ. ४.२’ लिहिलेले असेल, तर तो आकडा विरघळलेल्या प्राणवायूचा आहे, प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये आहे आणि नमुना भरतीच्या वेळी घेतला की ओहोटीच्या, हे सहा महिन्यांनी आपल्यालाही आठवणार नाही. म्हणून प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी साधी ‘रीडमी’ फाइल आजच लिहावी. (माझ्या विद्यार्थिदशेतील ‘फायनल_नवीन_२’ ही फाइल मला अजून उलगडलेली नाही.) गृहीतक आणि पद्धत विश्लेषणापूर्वीच ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या संकेतस्थळावर नोंदवता येते. डेटा मात्र मार्गदर्शकांच्या संमतीनेच खुला करावा. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या झेनोडो या ऑनलाइन डेटा-भांडारात तो विनामूल्य ठेवता येतो आणि त्याला डीओआय हा कायमस्वरूपी ओळख क्रमांक मिळत असल्याने इतरांना त्याचा संदर्भ देता येतो. नदीकाठच्या रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या असतील, तर त्यांची परवानगी घेतल्याशिवाय आणि नावे-पत्ते वगळल्याशिवाय त्यातले काहीही अपलोड करू नये.