फी तपासणीची की तब्येतीची?

प्रश्न : आईला मधुमेह आणि बीपी आहे. गावातल्या दवाखान्यात दर खेपेला फी द्यावी लागते, नुसत्या गोळ्या लिहून घ्यायच्या असल्या तरी. अमेरिकेतला भाचा सांगतो, तिकडे पेशंटची शुगर ताब्यात राहिली तर डॉक्टरला जास्त पैसे मिळतात. आपल्याकडे असं का होत नाही?
– एक केळी बागायतदार, रावेर तालुका

उत्तर : दादा, भाचा सांगतो ते अर्धं खरं आहे. अमेरिकेतही बराचसा पैसा अजून तपासणीगणिकच मिळतो. ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, २०१५ च्या कायद्याने त्या रकमेत कामाच्या दर्जानुसार वाढ-कपात आली. मला इंग्लंडची रीत जास्त पटते. तिथे फॅमिली डॉक्टरला मुख्य रक्कम नोंदलेल्या माणसांमागे मिळते, कुणी आजारी पडो न पडो. २००४ पासून त्यावर बीपी-शुगर सांभाळल्याचे गुण आणि गुणांचे पैसे. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ते गुण बंद केले.

आपल्याकडे अडतं ते पैसे देणाऱ्यापाशी. आयुष्मान भारतचा विमा दवाखान्यात भरती झाल्यावरच कामी येतो. आईंच्या महिन्याच्या तपासणीचे पैसे तुमच्याच खिशातून जातात. चोपड्याला बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून पावरा आदिवासी मंडळी उतरतात. मजुरी बुडवून आलेला माणूस म्हणतो, "डॉक्टर, बाटली लावा." सलाईन लावलं की बिल होतं. मीठ कसं कमी करायचं, पायाची जखम रोज कशी पाहायची, हे बसून समजावलं तर त्याचे पैसे कोण देणार? दवाखान्याचं भाडं आणि कंपाउंडरचा पगार मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो.

तरीही सगळी कमाई निकालावर ठेवायला माझा ठाम विरोध आहे. तुमच्या आई घरी असतात, पथ्य सांभाळलं जातं. ऊसतोडीला गेलेल्या बाईने पालावर इन्सुलिन थंड ठेवायचं कुठे? तिच्या शुगरवर डॉक्टरचं पोट अवलंबून असेल, तर तो तिला दारातूनच परत लावेल. म्हणून माणशी वार्षिक रक्कम असावी; गरीब, म्हातारा, जुनाट आजाराचा माणूस असेल तर जास्त. निकालाचा वाटा लहान ठेवावा आणि मोजावं ते डॉक्टरच्या हातातलं : बीपी मोजलं का, पाय पाहिले का, औषध न्यायला कुणी आलं नाही तर निरोप गेला का. हे अगदीच नवखं नाही. कामगार विमा योजनेत पॅनेलवरच्या डॉक्टरांना नोंदलेल्या कामगारांमागे पैसे देण्याची पद्धत जुनी आहे, आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पगाराशिवाय कामावर आधारित मोबदला आहे.

सरकार करील तेव्हा करील. तोवर बीपी-शुगरची मोफत तपासणी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, करून घ्या. आणि तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा : आईंचे वर्षाचे किती घ्याल? त्यात दर महिन्याचं बीपी, वर्षातून एकदा पायांची नीट तपासणी आणि मध्ये फोनवर सल्ला येऊ द्या. लॅबचा आणि डोळ्यांच्या तपासणीचा खर्च वेगळा धरा. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी, दर तीन महिन्यांनी करा. ठरलं ते दोघांच्याही वहीत लिहून ठेवा.