भरतीच्या वेळा आजीला विचार

गावभाग, सांगली

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेसाठी तू लिहिलेली आठ पानं मिळाली. दोनदा वाचली. पहिल्या पानावर 'दर्यासारखं विशाल मन', तिसऱ्यावर 'वादळांशी झुंज', शेवटी 'कुटुंबाचा आधारवड'. यातलं काही खोटं नाही. पण हेच शब्द चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकांवर मी दर महिन्याला वाचते. माझे वडील गेले तेव्हा मीही असंच लिहिलं होतं. मराठीची शिक्षिका मी, शब्दांना तोटा नव्हता. आज तो लेख काढून वाचते तर वडील त्यात कुठेच भेटत नाहीत. जेवताना ते कोणती गोष्ट हमखास सांगायचे, तीही मला आता अर्धीच आठवते, आणि उरलेली अर्धी सांगायला आई नाही. तुझी आजी आहे. म्हणून हे पत्र लगेच लिहिते आहे.

आधी कामाचं नीट लिही. तू त्यांना 'जहाजाचे कॅप्टन' म्हटलं आहेस. ते तरुणपणी मालवाहू जहाजांवर होते खरे, पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबई बंदरात पायलट म्हणून काढली. आपल्या गल्लीत 'पायलटकाका' म्हटलं की नव्या माणसाला विमान आठवायचं, आणि ते प्रत्येकाला न कंटाळता समजावून सांगायचे. जहाज परक्या देशाचं, कॅप्टनही परका. त्याला इथले खडक, गाळ, प्रवाह ठाऊक नसतात. म्हणून बंदराचा पायलट लाँचमधून, म्हणजे छोट्या मोटरबोटीतून, बाहेर जातो, चालत्या जहाजाच्या कुशीला सोडलेल्या दोरीच्या शिडीनं वर चढतो आणि जहाज आत आणून धक्क्याला लावतो. वाट पायलट सांगतो, जहाजाची जबाबदारी मात्र कॅप्टनचीच राहते. पाच मिनिटांपूर्वी भेटलेल्या दोन माणसांनी एकमेकांवर एवढा भरवसा टाकायचा, हे मला तुझ्या 'वादळांशी झुंज'पेक्षा फार मोठं वाटतं.

त्या शिडीवर एक अख्खं पान खर्च कर. लाँच लाटेबरोबर वरखाली होत असते. ती लाटेच्या माथ्यावर आली की त्या क्षणी शिडी धरून दोन पायऱ्या वर जायचं. खाली असताना पाय टाकला तर पुढच्या लाटेसरशी लाँच वर येते आणि पाय जहाज आणि लाँच यांच्यामध्ये चिरडतो. पावसाळ्यात, रात्री, ओल्या दोरावर हे वर्षानुवर्षं. तुझ्या घरातली माळ्यावर जायची लाकडी शिडी आठवते? मी एकदा दिवाळीचे डबे काढून द्यायला सांगितले, तेव्हा आजोबांनी चढण्याआधी ती दोन्ही हातांनी धरून खाली ओढली, दोनदा. मग पहिल्या पायरीवर पाय ठेवून क्षणभर थांबले. सात फुटांची शिडी, खाली शेणानं सारवलेली जमीन. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, शिडी बांधणाऱ्यावर विश्वास असतो, पण शिडी ओढून बघायची असते." हे तुझ्या आठ पानांत नाही. तू तर रोज पाहिलं असशील.

तसंच त्यांचं बोललेलं परत म्हणणं. आजीनं सांगायचं, "अर्धा लिटर दूध, कोथिंबीर, उदबत्ती." त्यांनी चपला घालता घालता म्हणायचं, "अर्धा लिटर दूध, कोथिंबीर, उदबत्ती." तुम्ही मुलं हसायचात. अगं, जहाजावर पायलटनं 'पोर्ट टेन' म्हटलं की सुकाणी 'पोर्ट टेन' असं परत म्हणतो, सुकाणू तेवढं वळलं की पुन्हा सांगतो. ऐकणाऱ्यानं काय ऐकलं हे सांगणाऱ्याला कळावं म्हणून. ते शब्द तू जसेच्या तसे लिही. 'पोर्ट टेन'ला 'डावीकडे दहा अंश' करू नकोस, तो आवाज त्यांचा राहत नाही.

आता घराकडे ये. 'कुटुंबवत्सल' या एका शब्दात तू चाळीस वर्षं मिटवली आहेस. परदेशी जाणारी जहाजं सोडून त्यांनी बंदरातली नोकरी धरली ती लग्नानंतर, महिनोन्‌महिने लांब राहायला नको म्हणून. घरी झोपायला मिळावं एवढीच इच्छा होती. मिळालं, पण भरतीच्या हिशेबानं. मुंबईच्या जुन्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्यांचे, आतलं पाणी कोंडून धरणारे दरवाजे भरतीच्या सुमाराला उघडायचे, आणि भरती रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. आज रात्री दहाला, उद्या पावणेअकराला. मग जेवण कधी, झोप कधी, सगळं चंद्राच्या हातात.

आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिनं कोकणातल्या शेजारणीकडून उचललं. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या खुणांशेजारी ती हे आकडे लिहायची. संकष्टीला रात्री नऊच्या सुमाराला चंद्र दिसला की दोघं उपास सोडायचे, आणि पहाटे तीनची भरती म्हणून आजोबा मोदक खाऊन गोदीकडे निघायचे. मुली, तुझ्या पुस्तिकेची सुरुवात इथून कर. जन्मतारीख आणि शिक्षण मागच्या पानावर गेलं तरी चालेल.

त्या दोन्ही गोद्या पुढे बुजवल्या, कंटेनर ठेवायला जागा म्हणून. ज्या दारांतून त्यांनी जहाजं आत घेतली ती दारं आता पाहायला मिळणार नाहीत. त्यांच्याबरोबरचा एखादा तांडेल, म्हणजे लाँचवरचा खलाशांचा मुकादम, हयात असेल तर फोन कर. साहेब कसे होते असं विचारलंस तर 'देवमाणूस' एवढंच ऐकायला मिळेल. साहेब शिडीला कोणता हात आधी घालायचे, असं विचार.

आणि आत्याकडे जा. मला ठाऊक आहे, तू तिचा विषय मुद्दाम टाळला आहेस. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, आणि दोन खोल्यांच्या घरात तो झोपलेला असताना मुलांनी मोठ्यानं हसायचं नाही, मैत्रिणी घरी आणायच्या नाहीत, रेडिओ लावायचा नाही. आत्या मला एकदा म्हणाली, "बाई, आमचं बालपण कुजबुजण्यात गेलं." हे तिनं आजोबांना कधी बोलून दाखवलं नाही. ते पुस्तिकेत यायला हवं, तिच्या शब्दांत, तिला विचारून. त्यानं आजोबा लहान होत नाहीत. आत्या हे पान वाचेल तेव्हा तिला कळेल की बाबा आणि आपण, दोघंही त्या घरात होतो.

सांगलीतल्या वर्षांबद्दल तू 'निवृत्तीनंतर शांत जीवन' लिहिलं आहेस. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तू पुण्यात होतीस. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. आजोबा दर दोन तासांनी वहीत आकडा लिहायचे, वाढ किती, कोयनेतून सोडलेलं पाणी किती. मला म्हणाले, "समुद्र वेळ सांगून येतो आणि वेळेवर परत जातो. नदीचं तसं नाही." पाणी चाळिशी ओलांडताच त्यांनी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना मिरजेला हलवायला लावलं. काही जण रागावले, २००५ च्या पुरातही पाणी इथवर आलं नव्हतं म्हणाले. पाणी ५७ फुटांवर गेलं. ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं नेणारी नाव उलटल्याची बातमी आली त्या रात्री ते जेवले नाहीत. रात्रभर खुर्चीत बसून होते, आजी शेजारी. दोघं बोलत नव्हती. ती वही माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. तिचं एक पान आहे तसं छाप, त्यांच्या अक्षरात.

फोटो निवडताना गणवेशातला एकच घे. बाकी जागा त्या वहीला आणि दिनदर्शिकेच्या एखाद्या पानाला दे. आजीनं जुन्या दिनदर्शिका टाकलेल्या नाहीत, मला दाखवल्या आहेत.

आठ पानं फाडू नकोस, जपून ठेव, त्यात तुझं रडणं आहे. नवीन वहीत लिहायला घे. येत्या रविवारी ये, तांदळाची भाकरी आणि वांग्याचं भरीत करते, मग दोघी मिळून आजीकडे जाऊ. तिला दुपारी चारनंतर बरं वाटतं.

काल संध्याकाळी मी तिच्याकडे डोकावले होते. ती दारातल्या पायरीवर बसून वाती वळत होती. मी सहज म्हटलं, आज अष्टमी ना? वरती न बघता म्हणाली, "हो, सहाला भरती. आत्ता आत घेत असतील."

तुझ्या
बाई