वॉलपेपरवर केळी हवी, पण आपल्या बागेतली

प्रश्न : ताई, आमचं रावेर तालुक्यात नवीन घर बांधून झालंय, हॉलची 10 बाय 9 फुटांची एक भिंत मोकळी ठेवलीय. दुकानात केळीच्या पानांचे वॉलपेपर दाखवतात, पण पोरगा म्हणतो आपल्या बागेत असं एक पान दाखवा बरं. मग आपल्याच केळीचा मोबाइलवर फोटो काढून छापला तर? का आर्टिस्टला पैसे द्यावे?
– एक केळीवाले वाचक

उत्तर : पोराची नजर चांगलीय हो! ती दुकानातली पानं बहुतेक अमेरिकन वळणाची असतात. तिकडे 1942 मध्ये ‘मार्टिनिक’ नावाचा केळीच्या पानांचा वॉलपेपर आला, बेव्हर्ली हिल्स हॉटेलात लागला आणि एवढा गाजला की अजून त्याच्या नकला निघतात. त्या नकलांत पानं बहुतेक हिरवीगार, अखंड. आपल्याकडे वारं सुटलं की पान शिरेशिरेला फाटतं, कडा करपतात, आणि मला विचाराल तर खरी डिझाइन तिथंच आहे.

मोबाइलचा फोटो भिंतभर नका ताणू. 12 मेगापिक्सेलचा फोटो आडवा साधारण 4000 पिक्सेल, भिंत 120 इंच, म्हणजे इंचाला जेमतेम 33 ठिपके, जवळ गेलं की सगळं पुसट. त्यापेक्षा पानाचा तुकडा, केळफुलाची एक पाकळी असं साध्या ए-फोर स्कॅनरवर ठेवून 1200 डीपीआयला (म्हणजे इंचाला 1200 ठिपके) स्कॅन करा, रुंदीत जवळपास दहा हजार पिक्सेल मिळतात, आणि शिरा, चिकाचे डाग सगळं दिसतं. पान ताजंच घ्या आणि काच आधी पुसा, चीक लागला तर लगेच पुसा नाहीतर डाग बसतो.

आता आर्टिस्टचं काम इथून पुढं. तुकडे कसे जुळवायचे, कुठं मोकळं सोडायचं, रंग किती उतरवायचा हे स्कॅनर नाही सांगत. विल्यम मॉरिस या इंग्लिश डिझायनरच्या 1875 च्या ‘अकँथस’ या पानांच्या वॉलपेपरला लाकडाचे 30 ठसे लागले होते, आणि ठशात तेच तेच परत येणारच. डिजिटल प्रिंटला ती अट नाही, अख्खी भिंत एकच चित्र होऊ शकते. काही जण तर पान काढतच नाहीत, वाढीचा नियम कॉम्प्युटरला देतात (लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञानं 1968 मध्ये अशी पद्धत मांडली) आणि फांदीला फांदी फुटत जाते. तुमचं स्कॅन केलेलं पान आणि अशी वाढवलेली नक्षी एकत्र करणारा कुणी भेटला तर पैसे द्या, वसूल आहेत. नुसतं एआयला ‘केळीची बाग’ म्हणून चित्र मागणारा असेल तर ते तुमचा पोरगाही करेल, आणि पानं परत अखंडच येतील बघा.

छापताना नॉन-वोवन (न विणता, तंतू दाबून केलेला) कागद आणि लॅटेक्स इंक (पाण्यावर आधारित शाई) मागा, वास कमी असतो, आणि नॉन-वोवनला गोंद भिंतीलाच लावतात म्हणून पट्टे जुळवायला सोपं. नवीन प्लास्टर पूर्ण वाळल्याशिवाय मात्र हात लावू नका. आणि कूलर कुठल्या खिडकीत बसतो ते आधी सांगा कारागिराला, आपल्या उन्हाळ्यात तो दिवसरात्र चालतो आणि त्याच्या ओल्या हवेत कागदाचे सांधे सुटतात, त्या बाजूची भिंत असेल तर सरळ दुसरी निवडा. ऑर्डरआधी दोन फुटांचा नमुना छापून घ्या, दिवसा आणि रात्री एलईडीत दोन्ही वेळा बघा, हिरवा रंग एलईडीत कधीकधी भलताच दिसतो.