अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांसोबत संशोधन करायला पदवीच्या मुलांना कसं तयार करावं?

तुमचा प्रश्न असा: न्यूयॉर्कच्या कॉलेजात १५ आठवड्यांचं सत्र, पदवीची २० मुलं, शेजारच्या वस्तीसोबत आरोग्याचा अभ्यास करायचाय, तर सुरुवात कुठून करू? मी म्हणेन, मुलाखतींपासून नको. मोजण्यापासून करा.

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्तीत जुलै १९९६ मध्ये हेच झालं. वी अ‍ॅक्ट ही तिथली पर्यावरण संघटना आणि कोलंबिया विद्यापीठातले संशोधक एकत्र आले. प्रश्न रहिवाशांचा होता: डिझेलच्या बस-ट्रकांचा धूर आमच्या वाट्याला किती येतो? चार चौक, पाच दिवस, सकाळी १० ते संध्याकाळी ६. अंगावर अडकवलेल्या यंत्रांनी फुटपाथवरची हवा गोळा केली, सोबत ट्रक, बस, गाड्या आणि पादचारीही मोजले. सूक्ष्म धूलिकण चारही ठिकाणी थोड्याफार फरकाने सारखेच निघाले, ३७ ते ४७ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. काजळीचा कार्बन मात्र १.५ ते ६, म्हणजे चौपट फरक, आणि जिथे बस-ट्रक जास्त तिथे तो जास्त. नुसते धूलिकण मोजले असते तर ‘सगळीकडे सारखंच आहे’ म्हणून विषय मिटला असता.

मोजणीचा दुसरा फायदा कागदपत्रांचा. वाहनं मोजताना माणसांची माहिती घेतली जात नाही, त्यामुळे आयआरबीची (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी कॉलेजची समिती) पूर्ण मंजुरी सहसा लागत नाही. तरी तसं त्यांच्याकडून लेखी घ्याच. मुलाखती असतील तर अर्ज सत्राआधीच करा. सत्र सुरू झाल्यावर केलात तर मंजुरी येईपर्यंत निम्मं सत्र संपलेलं असतं.

सराव असा घ्या. दोन मुलं एकाच कोपऱ्यावर १५ मिनिटं, एकमेकांचा कागद न बघता मोजतील. पहिल्या दिवशी आकडे जुळणार नाहीत. कारण आळस नसतो, व्याख्या ठरलेली नसते: कुरिअरची व्हॅन ट्रक धरायची का? इंजिन चालू ठेवून थांबलेली बस मोजायची का, आणि किती वेळा? हे नियम तुमच्यासोबत काम करणाऱ्या वस्तीतल्या संघटनेच्या माणसांसोबत बसून लिहा, ती गल्ली त्यांना पाठ असते. फरक दहा टक्क्यांच्या आत आला की खरी मोजणी. (हा माझा ढोबळ नियम आहे, कुठला सरकारी निकष नाही.)

संमती शिकवताना बहुतेक जण टस्कीगीच्या सरकारी अभ्यासावर थांबतात: १९३२ ते १९७२, गुप्तरोग झालेल्या काळ्या पुरुषांना उपचारच दिले नाहीत. ते शिकवायलाच हवं, पण मुलं ‘तेव्हाचे लोक वाईट होते’ म्हणून मोकळी होतात. त्यासोबत ॲरिझोनातल्या हवासुपाई या मूळनिवासी जमातीचं प्रकरण घ्या. लोकांनी रक्त दिलं ते मधुमेहाच्या अभ्यासासाठी, असं त्यांना वाटत होतं. वापरलं गेलं स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासातही. सही होती, कागदावरची भाषा मोघम होती. २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि नमुने परत केले. मग मुलांना स्वतःचं संमतीपत्र वस्तीतल्या एखाद्या आजींना मोठ्याने वाचून दाखवायला लावा. जिथे त्या ‘म्हणजे काय?’ विचारतील, तिथे वाक्य बदला. स्पॅनिश मजकूर यंत्राकडून भाषांतर करून थेट छापू नका. दुसऱ्या माणसाकडून उलट इंग्रजीत आणवून ताडून बघा.

पैशांचं कोणी आधी सांगत नाही. सहभागींना गिफ्ट कार्ड द्यायचं ठरतं आणि कॉलेजचा लेखाविभाग सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) मागतो. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत ते तिथेच मागे फिरतात, आणि नेमकी तीच माणसं नमुन्यातून गळतात. त्यामुळे किती रकमेपर्यंत नंबर लागत नाही हे आधी विचारा. संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या वेळेचेही पैसे धरा. फुकट राबवून घेतलं तर दुसऱ्या वर्षी फोन उचलणार नाहीत.

निष्कर्ष परत नेण्याची तारीख अभ्यासक्रमात छापा, तेराव्या आठवड्यातली, संघटनेच्या नेहमीच्या बैठकीच्या दिवशी. मोठ्या अक्षरांतलं एक पान, दोन्ही भाषांत, चौकाच्या नकाशासह. शेवटच्या आठवड्यावर ठेवलंत तर परीक्षा ते खाऊन टाकते.

मोजणीचे कागद आणि फाईली पहिल्या दिवसापासून संघटनेच्या ड्राइव्हवर ठेवा. मुलगी पदवी घेऊन गेली आणि तिचं कॉलेजचं खातं बंद झालं की फाईली त्यासोबतच जातात. मग पुढच्या वर्षीच्या मुलांना ते चौक पुन्हा मोजावे लागतात.