रोजच्या रिव्हॉल्व्हरला चकाकी कशाला?

लष्कर, ग्वाल्हेर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बाबांना सत्तर पुरी झाली आणि त्यांची .32 ची कानपुरी रिव्हॉल्व्हर तुझ्या परवान्यावर चढली, हे त्यांनी फोनवर सांगितलंच होतं. 2016 च्या शस्त्र नियमांत ही सोय आहे. परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा हत्यार बाळगून 25 वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. लोकांना हे ठाऊक नसतं, मग माणूस गेल्यावर घरचे ठाण्याच्या आणि कलेक्टोरेटच्या खेपा घालत बसतात. तुमचं काम वेळेत झालं, फार बरं झालं.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पेट्रोल पंपाची रोकड घेऊन भिंड रोडवरून यायचं, तर रिव्हॉल्व्हर रोज अंगावर ठेवायची कशी. आणि तिचा उडालेला रंग काढून वर निकेल चढवून घ्यावं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पुढच्या आठवड्यात ती तू कुणाकडे तरी टाकणार आहेस असं लिहिलं आहेस. टाकू नकोस.

तिचा रंग जिथे उडालाय त्या जागा नीट बघ. नळीच्या तोंडाच्या कडा, सिलिंडरच्या खाचांमधला उंच भाग आणि मुठीच्या वरची जागा, जिथे बाबांचा अंगठा टेकायचा. होल्स्टरमधून काढता-घालताना आणि हाताच्या घामाने असंच झिजतं. त्याने हत्याराचं काहीही बिघडत नाही. ब्लूइंग म्हणजे वरून मारलेला रंग नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला काळ्या ऑक्साइडचा पातळ थर असतो तो. तो स्वतः गंज फारसा अडवत नाही, तेल धरून ठेवतो आणि ते तेल गंज अडवतं. म्हणून ब्लूइंग नवंकोरं असूनही तेल न लावलेली रिव्हॉल्व्हर एका पावसाळ्यात तांबडी होते, आणि निम्मी उघडी पडलेली पण रोज पुसलेली वर्षानुवर्षं ठणठणीत राहते. बोटाने चाचपून बघ. नुसतं पांढरं पोलाद दिसत असेल तर काळजी नाही. नखाला खड्डे लागत असतील तरच मला दाखव.

आता निकेल. एका गृहस्थांनी आपली रिव्हॉल्व्हर मोटरसायकलच्या सायलेन्सरला मुलामा देणाऱ्याकडे दिली होती. परत आली ती आरशासारखी. माझ्या बंदुकांच्या दुकानात टेबलावर दिव्याखाली धरली तेव्हा फ्रेमवरच्या नंबरातला 3 आणि 8 ओळखू येत नव्हता. चाचणीच्या खुणा तर गेल्याच होत्या. स्क्रूंच्या भोकांभोवती बशीसारखे खोलगट भाग झाले होते आणि फ्रेमच्या सरळ कडा चोखलेल्या गोळीसारख्या गोल झाल्या होत्या. मुलाम्याआधी बफ मारतात ना, ते सगळं बफने खाल्लं होतं. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 8 वाच. हत्यारावरचं नाव, नंबर, ओळखखूण पुसणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, आणि तसं हत्यार ज्याच्याकडे सापडतं त्यानेच ते केलं असं गृहीत धरलं जातं. ते खोटं ठरवायची जबाबदारी त्याची. शिवाय विनापरवाना माणसाच्या हातात हत्यार सोपवणं हा वेगळा गुन्हा, त्याचा आणि तुझाही. कलम 5 प्रमाणे हत्याराची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्यानेच करायची असते. साफसफाई, तेल आणि मुठीचा स्क्रू, इतकंच आपलं. त्यापुढे परवानाधारक कारागीर, आणि देताना त्याची सही-शिक्क्याची पावती, नंबरासकट.

कायदा बाजूला ठेवला तरी रोज बाळगायच्या हत्याराला निकेल मला पसंत नाही. ते उन्हात लांबून चमकतं. कुठे टवका उडाला की त्याखाली ओल शिरते आणि मुलामा पापुद्र्याने सुटतो. नळीतलं तांबं काढायच्या अमोनियावाल्या द्रवाने निकेलही खराब होतं, आणि तो द्रव न सांगता वापरणारे खूप असतात. बाजारात कोल्ड ब्लूइंगच्या बाटल्या मिळतात, त्याही घरी उघडू नकोस. त्यात सेलेनियमचे विषारी क्षार असतात आणि एवढं करून तो काळेपणा होल्स्टरच्या घासण्याने थोड्याच दिवसांत निघून जातो.

रंग करायचाच म्हटलं तर मी जुन्या पद्धतीचं रस्ट ब्लूइंग सुचवीन. त्यात पोलादावर सौम्य आम्लाने एकसारखा बारीक गंज आणतात, भाग उकळत्या पाण्यात घालतात, तांबडा गंज काळा होतो, वरचा सैल थर मऊ तारेच्या ब्रशने काढतात आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा बऱ्याच फेऱ्या होतात, काम अनेक दिवस चालतं. पण त्याला आरशासारखं पॉलिश लागत नाही, म्हणून नंबर आणि कडा शाबूत राहतात, आणि येणारा काळा रंग मंद असतो. गरम क्षारांच्या कढईतलं ब्लूइंग एका दिवसात होतं. क्षार साधारण 140 अंशांच्या आसपास असतात, पोलादाला त्याने काही होत नाही, पण त्याआधी बफ किती मारला यावर सगळं अवलंबून. मी ज्याच्याकडे पाठवतो त्याला एकच सांगतो, नंबराच्या बाजूला बफ लावायचा नाही.

आणि रंगाआधी तिची तब्येत बघायला हवी. तुझी रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडते, जुन्या ब्रिटिश वेब्ली घराण्यातली. वरचा लॅच, म्हणजे दोन्ही भाग जोडून धरणारी खिटी, सैल झाला की नळी आणि फ्रेम एकमेकींवर हलायला लागतात. रिकामी करून, पुन्हा एकदा रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, नळी वर-खाली हलवून बघ. मग चाप पूर्ण दाबून तसाच धर आणि सिलिंडर हलतंय का बघ. किंचित हललं तर चालतं, खुळखुळलं तर नाही. आणखी एक गोष्ट कारागिराकडून पक्की करून घे. हॅमरवर, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर मार देणाऱ्या मागच्या घोड्यावर, बाहेरून धक्का बसला तर तो काडतुसापर्यंत पोचू नये यासाठीचा आतला अडसर तुझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये आहे का, आणि नीट चालतोय का. ते कळेपर्यंत सिलिंडरमधलं हॅमरखालचं काडतुसाचं घर रिकामं ठेव, पाच काडतुसं पुष्कळ झाली. कुणी चाप हलका करून देतो म्हणालं तर हात जोड. स्प्रिंग कमजोर केली की हॅमरचा मार कमी पडतो आणि नेमकं हवं तेव्हा काडतूस फुटत नाही. चाप जड आहे हीच तुझी सुरक्षितता.

तू ज्या अमेरिकन व्हिडिओंबद्दल लिहिलंस ते मीही पाहिलेत. त्यांची लहान रिव्हॉल्व्हर म्हणजे 1950 साली आलेल्या चीफ्स स्पेशलच्या वंशातली, पाच गोळ्यांची, .38 स्पेशलची, सिलिंडर बाजूला उघडणारी. गोळी सुटताना हाताला बसणारा त्यांचा धक्का वेगळा, कायदा वेगळा, कपडे वेगळे. आपल्याकडे 2014 मध्ये कानपूरहून निर्भीक आली, जेमतेम अर्ध्या किलोची, महिलांसाठी म्हणून तिचा गाजावाजा झाला. 2023 मध्ये प्रबल आली, तिचं सिलिंडर बाजूला उघडतं. तुझी सुमारे 700 ग्रॅमची आहे. पर्समध्ये जड वाटेल, पण हातात हा जडपणा धक्का गिळतो, आणि 76 मिलिमीटरच्या नळीवर नेम धरायला त्याची मदतच होते. घाईने दुसरी घेऊ नकोस. 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, ती जागा विचार करून भर.

आता बाळगण्याचं. पर्समध्ये नको. पर्स खुर्चीला अडकवली जाते, गाडीत राहते, आणि हिसकावणारा आधी तिलाच हात घालतो. स्कूटीच्या डिकीत तर मुळीच नको. कुर्त्याखाली जीन्सला रुंद, जाड चामड्याचा पट्टा बांध आणि उजव्या कुशीला चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर घाल. पाठीच्या कण्यावर घालू नकोस, गाडीवरून पडलीस तर सगळा मार मणक्यावर येईल. हिवाळ्यात जॅकेटच्या खिशात ठेवायचा मोह होतो. ठेवलीस तर खिशाच्या होल्स्टरमध्येच, आणि त्या खिशात किल्ली, नाणी, लिपस्टिक काहीही नको. 2016 च्या नियमांतही हेच आहे, सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात. इकडे भिंड-मुरैन्याकडे खांद्यावर दुनळी टाकून चहा प्यायला येणारे तू लहानपणापासून पाहिलेस. त्यांचं बघून शिकायचं नाही. तुझ्या कमरेला काय आहे हे पंपावरच्या पोरांनाही कळता कामा नये.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. कुर्त्याखालचा घाम थेट पोलादावर जातो आणि घामातलं मीठ एका रात्रीत डाग पाडतं. म्हणून रोज घरी आल्यावर होल्स्टरमधून काढ, रिकामी कर, तेलाचा हात असलेल्या सुती फडक्याने पूस आणि कुलपात ठेव, काडतुसं वेगळ्या कुलपात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. पावसाळ्यात अधूनमधून लाकडी मूठ उतरवून आत बघ, गंज तिथे लपतो. जानेवारीच्या धुक्यातून गारठलेली रिव्हॉल्व्हर हिटरच्या खोलीत आणलीस तर तिच्यावर दव धरतं, तेव्हा ती खोलीच्या तापमानाला आली की मगच पूस. सिलिंडरच्या घरांत मात्र तेल ठेवू नकोस. तेल काडतुसाच्या बुडाच्या टोपीतून आत झिरपलं की काडतूस मरतं. खडकीच्या कारखान्यातली, बुडावर केएफ ठसा असलेली काडतुसंही तेलापुढे टिकत नाहीत. बाळगायची काडतुसं दरवर्षी सरावात संपवून नवी घालत जा.

दसऱ्याचं वेगळं सांगतो, कारण आपल्या मराठी घरांत हे हमखास होतं. खंडेनवमीला पाटावर हत्यार मांडतात, पाणी शिंपडतात, हळद-कुंकू वाहतात, आणि दुसऱ्या दिवशी मांढरे मातेच्या दर्शनाच्या गडबडीत ते तसंच राहतं. सिलिंडरच्या मागच्या दात्यांत ओलं कुंकू भरून वाळलेलं मी दरवर्षी काढतो. त्याखाली पोलाद खाल्लेलं असतं. तुझ्या आईला सांग, रिव्हॉल्व्हर रिकामी करून मांडायची, कोरडं फूल वाहायचं, हळद-कुंकू पाटाला लावायचं. संध्याकाळी पुसून आत.

लग्नाच्या वरातीत कुणी कितीही गळ घातली तरी ती बाहेर काढायची नाही. आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराने दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या भागात वरातीतल्या गोळीने छतावर उभी असलेली पोरं गेली आहेत. ज्या जेवणात दारू असेल तिथे जाताना रिव्हॉल्व्हर घरी. निवडणुकीत जमा करायचा हुकूम आला तर पहिल्याच दिवशी कर, पावती घे, आणि देण्याआधी नेहमीपेक्षा जाड तेल लाव, कारण तिथे ती महिनाभर कुणी पुसणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितोय, कारण ते तुला आवडणार नाही. रोकडीसाठी गोळी चालवायची नाही. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाची कलमं 34 ते 44 आहेत, ती वकिलाकडे बसून समजून घे. शरीरावरच्या हल्ल्यात जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची रास्त भीती असली, किंवा हल्ला बलात्कार, अपहरण अशा हेतूने असला, तरच हा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. मालमत्तेसाठी तो जबरी चोरी, रात्रीची घरफोडी अशा मोजक्या प्रसंगांतच तिथपर्यंत पोचतो, आणि तेव्हाही गरजेपेक्षा जास्त इजा चालत नाही. पैशाची बॅग मागितली तर देऊन टाक. रोकडीचा विमा काढ, वेळ आणि रस्ता बदलत जा, बँकेची गाडी पंपावरूनच रोकड उचलते का ते विचार. हे जमलं तर ही रिव्हॉल्व्हर रोज नेण्याची गरजच उरणार नाही, आणि मला त्याचाच जास्त आनंद होईल.

तोवर सराव हवा. परवानगी असलेल्या रेंजवरच, पाच-सात मीटरवर, दोन्ही हातांनी, चाप सरळ मागे ओढून, हॅमर अंगठ्याने न चढवता. हॅमर चढवला की चाप घाबरलेल्या हातात फार हलका होतो. घरी रिकाम्या रिव्हॉल्व्हरने सराव करायचा तर खोटी काडतुसं घाल, खरी दुसऱ्या खोलीत ठेव आणि भिंत पक्की विटांची निवड.

दुकान मंगळवारी बंद असतं, बुधवारी ये. मूळ परवाना आण, झेरॉक्स चालणार नाही. रिव्हॉल्व्हर रिकामी करून डब्यात आण, काडतुसं घरीच ठेव. रजिस्टरमध्ये नोंद करून पावती देईन, लॅच आणि अडसर तुझ्यासमोर उघडून बघू, मग ब्लूइंगचं ठरवू. बाबांना माझा नमस्कार सांग आणि त्यांचं जुनं होल्स्टर फेकलं नसेल तर तेही घेऊन ये, त्याची शिवण बघायची आहे.

तुझा,
काका