आईकडून आलेली ताकद आणि लसीची तारीख

प्रश्न (निपाणी): कोंबडीच्या पिल्लांच्या प्रत्येक लॉटला 14व्या दिवशी पाण्यातून गंबोरोची (बर्सा ग्रंथीवर हल्ला करणारा विषाणूचा रोग) लस देतो. तरी या खेपेला 25व्या दिवशी मर लागली. लस खराब निघाली का?

लसीला दोष देण्याआधी मेलेलं पिल्लू फाडून बघा. गुदद्वाराच्या वरची बर्सा ग्रंथी सुजून पिवळट, चिकट झालेली आणि मांडीच्या मांसात रक्ताचे ओरखडे असतील तर गंबोरोच. आता कारण. लस दिलेल्या कोंबडीच्या अंड्यातल्या बलकातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात. ती रोग अडवतात, तशी जिवंत लसही मारतात. ब्रॉयलरमध्ये (मांसाच्या कोंबड्या) ती साधारण दर 3 दिवसांनी निम्मी होतात, लेयरमध्ये (अंड्यांच्या) 5 दिवसांनी. चौथ्या दिवशी एलायझा या रक्तचाचणीत 2000 टायटर (प्रतिपिंडांचं प्रमाण) आला, तर 125 वर यायला चार वेळा निम्मं व्हावं लागतं, म्हणजे 12 दिवस. मध्यम ताकदीची इंटरमिजिएट लस 125 टायटरला चालते, म्हणून ती 4 + 12, म्हणजे 16व्या दिवशी. तिच्याहून जोरकस इंटरमिजिएट प्लस लस 500 टायटरलाही चालते, म्हणून ती 10व्या दिवशी. (हे आकडे किटप्रमाणे बदलतात, लॅबला विचारा.) खरी गोम वेगळीच: दोन हॅचरींची पिल्लं एका शेडात टाकली की काहींची ढाल आठवड्यात संपते, काहींची 18 दिवस टिकते. मग एकच तारीख सगळ्यांना कशी जुळणार? एका लॉटला एकच हॅचरी, आणि किमान 18-20 पिल्लांचं रक्त तपासा.

प्रश्न (खानापूर): खुडुक गावठी कोंबडीखाली पिल्लं काढतो. आईला कधीच लस दिलेली नाही. मानमोडीच्या (राणीखेत) लसीचं काय?

आईकडेच काही नाही, तर पिल्लाला काय मिळणार? 5 ते 7व्या दिवशी लासोटा किंवा एफ लसीचा एक थेंब डोळ्यात टाका. मानमोडीचीच टोचायची आर-टू-बी लस 8 आठवड्यांनंतरच. ती तीव्र आहे, कोवळी पिल्लं दगावतात.

प्रश्न (चिकोडी): गंबोरोची मर चालू असताना प्रतिपिंडं असलेल्या बलकाचं इंजेक्शन द्यावं का?

ते आयतं संरक्षण आहे. लगेच लागू पडतं, पण थोडेच दिवस टिकतं. अजून धडधाकट असलेली पिल्लं वाचू शकतात. झिजलेली बर्सा भरून येत नाही. शिवाय बलक नीट शुद्ध केलेला नसेल तर साल्मोनेला, मायकोप्लाझ्मा हे जंतूही सुईवाटे शेडात शिरतात. आणि त्यामागून दिलेली जिवंत लस हीच प्रतिपिंडं खाऊन टाकतात. उघड्या बाटलीतून विकणाऱ्याकडून तर घेऊच नका.

प्रश्न (बेळगाव): पाण्यातून लस देताना दूध पावडर कशाला?

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लसीचा विषाणू मारतं. लिटरमागे 2.5 ग्रॅम स्किम्ड पावडर घालून 15-20 मिनिटं थांबा, मग लस मिसळा. बोअरचं पाणी असलं तरी आदल्या दिवसापासून टाकीत जंतुनाशक नको. पिल्लांना तहान लागावी म्हणून लसीआधी पाणी तोडतात; एप्रिल-मेमध्ये तासभर तोडलं की पुरे. लस घातलेलं पाणी दोन तासांत संपलं पाहिजे.