पावसात आडव्या होणाऱ्या सोनटक्क्याला काठ्यांचा आधार द्यावा का?

ऐन बहरात पावसाने भिजून आडवा होणारा सोनटक्का काठ्यांना बांधावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बांधू नये. त्याचे दांडे 1 ते 2 मीटर वाढतात आणि फुलांचे कणीस अगदी टोकाला येते. पाण्याने जड झालेले हे टोक वाकले तरी दांडा सहसा मोडत नाही, कोवळा असल्यास त्याचा शेंडा पुन्हा वर वळतो आणि त्यावरच्या कळ्या उमलत राहतात. सुतळीने जुडीसारखा आवळलेला ताटवा मात्र आतून कोंदट होतो, आतली पाने पिवळी पडून कुजतात, आणि त्याचा तो मोकळा डौल जातो, याचे मला फार वाईट वाटते.

वाटेत येणारे दांडे तेवढे कापून फुलदाणीत ठेवावेत. एकदा फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नसल्यामुळे तो बुडापासून छाटावा. जमिनीतल्या कंदातून नवे कोंब येतच राहतात. दाट सावलीत किंवा युरियाचा मारा झाल्यास दांडे लुसलुशीत होऊन अधिक कलंडतात, म्हणून खत बेताने द्यावे आणि गर्दी झालेले कंद पावसाच्या तोंडावर विभागून सकाळचे ऊन मिळेल अशा ओलसर जागी लावावेत.